आमची स्थलांतरित आत्या

आमच्या आत्याला तिच्या मनाविरुद्ध आजवर कुणी एक पाऊलही हलवू शकलेलं नाही. नवऱ्याला ते जमलं नाही, सासूला जमलं नाही, बिबट्याला जमलं नाही, आणि एसटीच्या कंडक्टरांनी तर तिच्यापुढे केव्हाच हात टेकले. ते काम शेवटी मी केलं. मोबाइलच्या पडद्यावर एका चौकोनात बोट टेकवलं आणि महाळुंगे पडवळच्या अलीकडच्या आमच्या वाडीतून आत्या कायमची हलली. निदान सरकारदरबारी तरी हलली. मी प्राथमिक शाळेत मास्तर आहे, आणि मास्तर आहे म्हणून वाडीच्या मतदार यादीचं कामही माझ्याच गळ्यात आहे. या कामाच्या माणसाला सरकार बीएलओ म्हणतं. आमच्या वाडीत हल्ली ज्याला काही कळत नाही अशा कुणालाही बीएलओ म्हणतात. याला थोडा कारणीभूत मी आहे आणि बाकी सगळी आत्या.

आत्या सख्खी नव्हे, मानलेली. माझ्या वडिलांना बहीण नव्हती आणि आत्याला भाऊ नव्हता. तिच्या घरच्या मेंढ्या पिढ्यान् पिढ्यांच्या, आमच्या घरची जमीन पिढ्यान् पिढ्यांची. उन्हाळ्याच्या शेवटी, रान मोकळं असताना, तिच्या मेंढ्या आमच्या शेतात बसायच्या. शेतात जाळी लावून रात्रभर मेंढ्या बसवल्या की लेंडीखताने जमीन अशी काही सुधारते की पुढच्या वर्षी बाजरी माणसाच्या डोक्याबरोबर उभी राहते. एका वर्षी राखीपौर्णिमेला तिने वडिलांच्या मनगटाला लोकरीचा काळा दोरा बांधला आणि म्हणाली, "आता पायलीभर ज्वारी जास्ती घालायची. भैनीला मोजून देत्यात व्हय?" त्या दिवसापासून ती माझी आत्या. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादायचा, माळशेज घाट उतरून कोकणात जायचं, तिथल्या भाताच्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या आणि जेठाच्या तोंडाला परत वाडीत यायचं, असं तिचं वर्ष असे. वय विचारलं तर आकडा सांगत नाही. "डिंभ्याच्या धरणाचं काम चाललं व्हतं तवा माजं लगीन झालं. घे हिशेब करून, तू मास्तर हायेस," असं म्हणते.

तिच्या आवाजाबद्दल आधी सांगायला हवं, कारण ती येण्याआधी तो येतो. मेंढरं डोंगराच्या एका अंगाला आणि आपण दुसऱ्या अंगाला, अशा बेताने आयुष्यभर बोलल्यामुळे तिला हळू बोलणं हा प्रकारच ठाऊक नाही. जुन्नरच्या बाजारपेठेत तिने मोबाइल घेतला तेव्हा दुकानदाराने लावून बघा म्हणून सांगितलं. तिने वाडीतल्या लेकाला फोन लावला आणि "ऐकू येतंय का रं?" असं विचारलं. दुकानदाराने हातातलं बिल खाली ठेवलं आणि म्हणाला, "आत्या, तुम्हाला फोन कशाला पाहिजे राव?" कानगोष्टसुद्धा ती त्याच आवाजात करते. त्यामुळे आमच्या वाडीत गुपित असं फार थोडं शिल्लक आहे. जे आहे ते एकच, आणि तेही आत्याचंच: तिने मत कुणाला दिलं.

हे आजवर कुणालाही कळलेलं नाही. एकदा तिचा नवरा स्वतः ग्रामपंचायतीला उभा होता आणि पडला. पडल्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं, पण एक शंका त्याला आत आत खात राहिली. चार दिवसांनी जेवताना त्याने धीर करून विचारलं, "काय गं, मला तरी दिलंस का?" आत्याने त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली आणि म्हणाली, "गुपित असतंय ते." बिचारा पुढची चौदा-पंधरा वर्षं त्या शंकेसकट जगला आणि तिच्यासकटच गेला. उमेदवारांना तर ती दारात उभंच करत नाही, कामाला लावते. हात जोडून कुणी आला की "जोडलेलं हात सोडा आन् हिचं पाय धरा," म्हणून औषध पाजायची मेंढी त्याच्या हवाली करते. मागे एका उमेदवाराने मेंढीचे पाय धरलेला फोटो कार्यकर्त्यांकडून काढून घेतला आणि साऱ्या तालुक्याला पाठवला. निवडणुकीत तो आपटला. आत्याला त्याचं मुळीच नवल वाटलं नाही. "ढिलं धरत व्हता," एवढंच म्हणाली.

आमच्याकडे बिबट्या दिसणं ही काही बातमी नाही. चार दिवस दिसला नाही तर माणसं काळजीने चौकशी करतात. एकदा भर दुपारी उसातून बाहेर येऊन त्याने आत्याचं कोकरू तोंडात धरलं. आत्याच्या हातात काठी होती, पण तिने ती उगारलीसुद्धा नाही. तिने नुसत्या शिव्या दिल्या. त्या शिव्यांत बिबट्याच्या आईचा, मावशीचा आणि दोन पिढ्यांपलीकडच्या नातलगांचा उल्लेख होता, असं उसाला पाणी देणारा गडी सांगतो. बिबट्याने कोकरू खाली ठेवलं आणि शरमल्यासारखा निघून गेला. पुढे तो जुन्नर तालुक्यात दिसला. लोक म्हणतात, त्याने स्वतःहून बदली मागून घेतली. तेच वाचलेलं कोकरू घेऊन ती घोडेगावच्या गुरांच्या डॉक्टरकडे निघाली तेव्हा एसटीत कंडक्टरने कोकराचं तिकीट मागितलं. आता बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे हे आत्याला पक्कं ठाऊक. तिने कोकराचे मागचे पाय उचलून कंडक्टरला दाखवले. "बघून घ्या. ही बी बाईच हाय. हिचं बी अर्धं कापा." गाडी दहा मिनिटं जागेवर उभी राहिली आणि शेवटी कंडक्टरने आपलीच मान हलवून घंटी मारली.

तिला लिहिता-वाचता येत नाही. सही तेवढी येते, आणि आत्या ती कोरल्यासारखी, कागदाला भोक पडेल इतका जोर देऊन करते. पण नजर अशी की शंभर-सव्वाशे मेंढ्यांतली एक नसली तरी तिला लांबून समजतं. मोजत नाही. मी लहानपणी विचारलं होतं, न मोजता कसं कळतं? तर म्हणाली, "तुझ्या घरी जेवायला बसल्यावर तू मोजतूस व्हय? कोण न्हाई ते दिसतंच की." तर अशी ही बाई. निवडणूक जवळ आली की ती शाळेत येऊन माझ्या फोटोवाल्या यादीची पानं उलटत बसते, संध्याकाळी मेंढरं जाळीत घेताना उभी राहते तशा नजरेने. हा गेला, ही लग्न होऊन मंचरला गेली, हा दोन ठिकाणी आहे, एकीकडे मिशा आहेत आणि एकीकडे नाहीत. सरकारच्या संगणकाला जे सापडत नाही ते तिला चष्म्याशिवाय सापडतं. मी तिच्या जिवावर दोन वेळा चांगल्या कामाची शाबासकी मिळवलेली आहे, हे इथे कबूल करून टाकतो, कारण पुढे कबूल करायचं आहे ते याहून वाईट आहे.

झालं ते असं. गेल्या हिवाळ्यात घरोघर जाऊन पडताळणी करायचा हुकूम आला. मी आत्याच्या घरी तीनदा गेलो आणि तीनदा कुलूप पाहून परत आलो. येणारच, कारण ती कोकणात होती, आणि ती कोकणात आहे हे मला ठाऊक होतं. पण मोबाइलमधल्या त्या अॅपला ते ठाऊक नव्हतं. घर बंद असेल तर त्यात तीनच पर्याय येत: मयत, दुबार आणि स्थलांतरित. 'मेंढरांमागे गेली आहे, जेठात येईल' असा पर्याय नव्हता. आणि काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं घर उघडत नव्हतं. संध्याकाळपर्यंत काम शंभर टक्के झालं पाहिजे असा वरून मेसेज होता आणि माझी साठ घरं बाकी होती. जिवंत बाईला मयत कसं म्हणावं? म्हणून मी स्थलांतरितवर बोट टेकवलं. पुढे वेळ मिळाला की दुरुस्त करू, असं मनाशी म्हटलं, आणि विसरलो. रीतसर नोटीसही निघाली. ती कोतवालाने नेऊन तिच्या दारावर डकवली. म्हणजे घर बंद आहे म्हणून निघालेली नोटीस त्याच बंद घराच्या दारावर लागली. मुदतीत कुणी हरकत घेतली नाही. कोण घेणार? दाराने घ्यायची?

जेठात आत्या परत आली. झेडपी आणि पंचायत समितीच्या निवडणुकीचं वारं सुटलं होतं, तेव्हा रिवाजाप्रमाणे ती शाळेत आली आणि यादीची पानं उलटायला लागली. चौथ्या-पाचव्या पानावर थांबली. तिथे तिचा फोटो होता आणि फोटोवर आडवा शिक्का छापलेला होता. तिने तो बोटाने पुसून पाहिला. "बाळा," ती म्हणाली, आणि आयुष्यात प्रथमच हळू म्हणाली, "माज्या तोंडावर ह्ये काय मारलंय?" मी शिक्का वाचून दाखवला. वगळले. का वगळले तेही सांगितलं, कारण ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्यापुढे बिबट्याचं जिथे चाललं नाही तिथे माझं काय चालणार.  सगळं ऐकून तिने बाळा म्हणायचं सोडलं. "मास्तर," ती म्हणाली, आणि आता तिचा नेहमीचा आवाज परत आला होता, "त्या बिबट्यांची गणती करायला सायेब येत्यात. झाडाझाडाला क्यामेरं बांधत्यात. एक बिबट्या दिसला न्हाई तर चार गाड्या फिरत्यात. आन् माजी गणती करायला तू एकटा. त्यो बी कुलूप बघून माघारी जातूस!"

मग तिने पान उलटलं आणि एका फोटोवर काठीचं टोक ठेवलं. हे आमच्या वाडीतले एक बडे बागाईतदार. बारा वर्षं भोसरीला फ्लॅटमध्ये राहतात, कारखान्यांना माणसं पुरवतात, वाडीत येतात ते जत्रेला आणि मतदानाला. आम्ही त्यांना भोसरीकर म्हणतो आणि त्यांना ते आवडतं. "ह्यो कुटं ऱ्हातो?" आत्याने विचारलं. भोसरीला, मी म्हटलं. "मग ह्यो यादीत कसा?" मी सांगितलं की मी गेलो तेव्हा त्यांचं घर उघडं होतं. "कोण व्हतं घरात?" घरात तसं कुणी नव्हतं. वाटेकऱ्याने कांदा भरून ठेवला होता आणि कांद्याला हवा लागावी म्हणून दार उघडं टाकलं होतं. हे बोलताना माझा आवाज आपोआप बारीक झाला. आत्याने सबंध शाळेला ऐकू जाईल असं विचारलं, "म्हंजी कांदा घरी हाय, म्हणून मालक घरी हाय?" तिसरीचा वर्ग एकसुरात "नाही!" म्हणून ओरडला. माझ्या नोकरीतली ही एकमेव तपासणी जिच्यात माझा वर्ग पूर्णपणे हुशार निघाला आणि मी नापास झालो.

उपाय सोपा होता. नमुना सहा भरायचा, नाव परत येतं. पण महिनाअखेरीला यादी जशी असेल तशीच ती झेडपीच्या निवडणुकीला वापरणार होते, त्यामुळे आठ-दहा दिवसच हातात होते. मी अर्ज भरून, फोटो चिकटवून, सहीपुरती जागा मोकळी ठेवून तिच्याकडे घेऊन गेलो. ती आमच्याच शेतात होती, जाळीची मेख ठोकत. "कसला कागुद ह्यो?" नवीन मतदार नोंदणीचा अर्ज. तिने मेख ठोकायचं थांबवलं. "नवीन कोण?" मी म्हटलं, "अगं, नुसतं म्हणायचं नवीन." ती म्हणाली, "मी इंदिराबाईंच्या पाठचं सगळं बघितल्यालं. मी नवी व्हय? तू शेंबडा व्हतास तवापासनं मत देती मी. तुमी काढलं, तुमीच घाला. मी सई करायची न्हाई." त्यानंतरचे दिवस मी काय काढले ते माझं मला ठाऊक. रोज शाळा सुटली की अर्ज घेऊन शेतात जायचं आणि रोज तसाच सहीविना परत आणायचा. समजावलं, रागावलो, वडिलांची आण घातली. ती चहा द्यायची, खरवस असला तर खरवस द्यायची, सही देत नव्हती. मी म्हटलं, "आत्या, एका मताने असं काय होणार आहे?" हे मात्र मी बोलायला नको होतं. तिने काठी खाली ठेवली. "मताचं न्हाई रं. मी गावातनं गेल्ये असं लिवलंय तिथं. मी कुटं गेल्ये? माजं घर हितं, माजा मालक हितल्या मातीत, सारं हितंच. मी काय पळून गेल्ये?"  अर्ज घेऊन मी घरी आलो आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे खरंच सांगतो.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत यादीच्या तक्रारींची सुनावणी होती, आणि तिथे मी आत्याचंही प्रकरण ठेवलं होतं. आत्या येते की नाही याची मला खात्री नव्हती. ती आली, आणि मेंढरांसकट आली. लेक-सून एका नात्यातल्या लग्नाला गेले होते आणि मेंढरं सोडून येणं तिला मान्य नव्हतं. कचेरीच्या आवारात कुणा मोठ्या माणसाच्या हस्ते लावलेली रोपं होती. ती होती असंच म्हणायला हवं. नायब तहसीलदार साहेबांची गाडी फाटकात होती आणि पुढे-मागे मेंढरं, त्यामुळे साहेबांना बाहेर जायचं होतं ते जाता आलं नाही आणि सुनावणी वेळेवर सुरू झाली. कर्मचारी म्हणाले, एवढ्या वर्षांत प्रथमच. आत्या खुर्चीत बसली नाही. घोंगडी अंथरून जमिनीवर बसली, त्यामुळे साहेबांना टेबलावरून वाकून बोलावं लागत होतं. साहेब तरुण होते, चांगले होते. मऊ आवाजात म्हणाले, "बाई, वर्षातले सहा-सात महिने तुम्ही इथे नसता. मग तुमचा रहिवास इथला कसा धरायचा?"

"सायेब, तुमी कुठलं?" आत्याने विचारलं.

"मी सोलापूरकडचा."

"मग हितं वो कसं?"

"माझी बदली झाली इथे."

"मग तुमचं नाव कुठल्या यादीत हाय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. साहेबांचं नाव अजून त्यांच्या गावीच होतं, हे त्यांच्या लाल झालेल्या कानाच्या पाळ्यांवरून कुणालाही कळलं असतं. आत्या म्हणाली, "तुमी पोटासाटी हितं आला, मी पोटासाटी खाली जाती. तुमची ती बदली आन् माजं मातर स्थलांतर? तुमच्या गावाकडच्या घराला आज कुलूपच आसंल न्हवं?" बाहेर दारात गर्दी झाली होती. तिच्यातला एकजण "बराबर हाय!" म्हणाला आणि शिपायाने त्याला हाकललं, पण सावकाश हाकललं.

साहेब खरोखर चांगले होते. ते हसले आणि म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे, पण माझ्या हातात हा एकच कागद आहे. यावर सही झाली तर उद्याच्या आत नाव घालतो. नाही झाली तर मला काहीच करता येणार नाही." आत्याने कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "करती सई. पर आदी ह्या मास्तरला लिवू द्या. ह्यानं काय केलं ते ह्यानं लिवावं, तुमच्यासमोर." सगळी कचेरी माझ्याकडे बघायला लागली. मी लिहून दिलं तर कारणे दाखवा नोटीस येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सेवापुस्तकावर शाईचा डागसुद्धा नव्हता. मी कागद पुढे ओढला. लिहिलं: 'सदर मतदार स्थलांतरित झालेली नव्हती. ती तिच्या कामासाठी बाहेर गेली होती. हे मला माहीत होते. चूक माझी आहे.' आत्याने ते मला तीनदा मोठ्याने वाचायला लावलं. एकदा तिच्यासाठी, एकदा साहेबांसाठी, आणि एकदा दाराकडे तोंड करून बाहेरच्यांसाठी. मग तिने त्याची झेरॉक्स मागून घेतली, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि नमुना सहावर कागद फाटेल अशी सही केली. मला नोटीस आलीच. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "कारणं दाखवा म्हणत्यात न्हवं? मग दाखव की. हायेत तुझ्याकडं!"

पुरवणी यादी आली तेव्हा तिचं नाव होतं. पण कुठे? अगदी शेवटी. आधी तिचं नाव नवऱ्याच्या नावाखाली होतं. तो गेल्यावर त्याचं वगळलं, तरी त्याच्या जागेवरचा फोटो तिच्या फोटोला लागून होता, आणि ती दरवेळी त्या पानावर जरा जास्त वेळ थांबायची हे मला आत्ता आठवलं. आता ती यंदा अठरा पुरी झालेल्या पोरापोरींच्या रांगेत बसली होती, कानात डूल घातलेला एक पोरगा आणि कॉलेजातली एक पोरगी यांच्या मधे. मी भीत भीत पान दाखवलं. तिने पाहिलं. मला वाटलं आता आवाज चढणार. पण ती नुसती म्हणाली, "मालकापास्नं उठवलं व्हय मला," आणि पदराने डोळे पुसले. माझ्या डोळ्यांतही पाणी आलं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बरं. नव्या पोरांत बशिवलंय तर नव्यावाणी मत देऊ," आणि काठी आपटत निघून गेली.

दिवाळी झाली, आत्या कोकणात गेली आणि निवडणूक लागली ती नेमकी भर हिवाळ्यात. मतदानाच्या आदल्या दिवशी मी तिला दिवसभर फोन लावला. लागला नाही. मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाबाहेर टेबल टाकून, यादी घेऊन बसलो होतो. भोसरीकरांच्या चार गाड्या सकाळीच आल्या, माणसं उतरली, मतं देऊन मिसळ खायला गेली. दुपार झाली, चार वाजले. मी यादीचं शेवटचं पान पुन्हा पुन्हा बघत होतो. त्या एका ओळीसाठी मी नोटीस खाल्ली होती, आणि आता ती ओळ कोरीच राहते की काय, असं वाटून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. साडेचारच्या सुमाराला रस्त्याच्या वळणाआडून आवाज आला आणि मी खुर्चीवरून उठलोच. पहाटे निघून अर्धी वाट जीपने, अर्धी एसटीने आणि उरलेली पायी, अशी ती आली होती. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. फाटकाशी भोसरीकर उभे होते. ते आपले सहज हसत म्हणाले, "काय आत्या, तुमी तर कोकणात असता. हिकडं कशा?" आत्या थांबलीसुद्धा नाही. चालता चालता म्हणाली, "पावणं, तुमी आला त्या वाटंनंच आले. फकस्त तुमी गाडीत व्हता." रांगेतली माणसं इतकी हसली की आतला शिपाई बघायला बाहेर आला. भोसरीकरही हसले, जरा उशिरा.

मत देऊन ती बाहेर आली आणि माझ्या टेबलाशेजारी खाली बसली. एरवी ती कधी बसत नाही, मत दिलं की उलट्या पावली निघते, मेंढरं वाट बघत असतात. मी म्हटलं, "आत्या, साडेपाचची एसटी चुकेल." ती म्हणाली, "न्हाई जायाचं." मला कळेना. मग तिने सांगितलं. मेंढरं विकली. सारी, एका रकमेने, खालीच एका व्यापाऱ्याला. घोडंसुद्धा दिलं. लेक चाकणच्या कंपनीत लागला, सुनेला घेऊन तिकडे खोलीवर राहणार. ती हे सगळं अगदी सरळ आवाजात सांगत होती, शाई लागलेलं बोट दुसऱ्या हाताने चोळत. "आता फुडच्या येळंला कवाबी ये," ती म्हणाली. "सकाळी ये, सांजंला ये. घरीच घावंन मी."

मी बरं म्हटलं. खरं तर माझं काम किती सोपं झालं होतं. आता तिच्या नावावर कुणी बोट ठेवणार नव्हतं, कुठल्याही साहेबाला तिचा रहिवास विचारावा लागणार नव्हता. कागदाला ती जशी हवी होती, तशी ती आता झाली होती. आणि मला तिथे शाळेच्या फाटकात, यादीवर हात ठेवून, फार वाईट वाटत होतं. ते तिला दिसलं असावं. ती काठीवर भार देऊन उठली आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पर एक ध्यानात ठेव, मास्तर. कुणी इचारलं तर म्हातारी दमली म्हणून थांबली असं सांगायचं न्हाई. रानंच ऱ्हायली न्हाईत. जिकडं जावं तिकडं तारांची कुंपणं, जिकडं जावं तिकडं पलाटिंग. चारायचं कुटं? म्हणून थांबले. आसं लिव." आणि ती घराकडे निघाली.

यादीत नाव असतं, वय असतं, घर क्रमांक असतो. आत्याने सांगितलेलं लिहायला मात्र त्यात जागा नाही, म्हणून ते इथे लिहिलं.